बाजाराच्या दिवसापर्यंत ठेवलेली विजेरी

त्या आठवड्यातली सकाळ अशी उजाडत असे. सविता उठायची तेव्हा अंगणातल्या कडुनिंबावर पाखरांची कुजबूज नुकती सुरू झालेली असायची. ती चूळ भरायची, केस फडक्यात घट्ट बांधायची आणि परसातून शेडकडे निघायची. शेडच्या दाराशी औषधाच्या पाण्याची बादली होती. तीत ती कोपरापर्यंत हात बुडवायची, बाहेरची चप्पल सोडून आतली घालायची, चुन्याच्या पट्ट्यावर पाय ठेवायची आणि मगच कडी काढायची. आत लोखंडी रॅक, रॅकवर एकावर एक कप्पे, कप्प्यांत तुतीच्या फांद्या अंथरलेल्या आणि त्या फांद्यांवर हजारो रेशीम अळ्या. छताला एक बल्ब होता, पण त्याचा उजेड वरच्या कप्प्यापाशीच अडायचा. खालचे कप्पे काळोखात राहायचे. सविता कमरेला खोचलेली वस्तू काढायची, तिचे बटण दाबायची आणि वाकून सर्वांत खालच्या कप्प्यापासून पाहू लागायची. पाने सुकली आहेत का, मुंग्या चढल्या आहेत का, पाल दडली आहे का, असे एकेक. अळ्या पाने कुरतडत असायच्या आणि वाळल्या पाचोळ्यावरून कोणी हलकेच चालत जावे तसा आवाज शेडभर भरून राहायचा.

मित्रांनो, तिच्या कमरेला खोचलेली ती वस्तू म्हणजे मी. मी एक विजेरी आहे. गावात मला कोणी विजेरी म्हणत नाही. सगळे 'बॅटरी'च म्हणतात. आपली कहाणी सांगायला वस्तू जुनी, झिजलेली असावी, असा प्रघात आहे. मी तशी नाही. पण त्या एका आठवड्यात माझ्या साऱ्या आयुष्याचा निकाल लागायचा होता, आणि त्या दिवसांची धडधड माझ्या अंगात अजून आहे. म्हणून धीर न धरता आत्ताच सांगायला बसले आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा भरीव दांडा यंत्रावर फिरत होता. त्याला पाते लागले, चकचकीत कीस उडाला आणि दांड्यातून माझे अंग घडत गेले. कडांना आटे पडले, आट्यांत रबराच्या कड्या बसल्या, तोंडाशी जाड काच आली. मला पाण्यात बुडवून ठेवले, उंचावरून फरशीवर टाकले. मी पेटतच राहिले. शेवटची परीक्षा पंकजा नावाच्या बाईंकडे होती. त्यांच्या मेजावर रंगीत चिंध्यांची ओळ मांडलेली असे: भगवी, गुलाबी, पोपटी, पिवळी. पंकजाबाई माझा उजेड त्या चिंध्यांवर फिरवत आणि दिवसाउजेडी दिसतो तसाच रंग दिसतो का, ते पाहत. विजेरीला एवढी रंगांची परीक्षा कशाला, हे मला तेव्हा कळले नव्हते. मला अभिमान होता तो माझ्या लांब उजेडाचा.

तिथून मी पालम या बाजाराच्या गावी आले, बन्सीधरच्या दुकानात. काचेच्या कपाटात मला मानाची जागा मिळाली. लोक मला हातात घेत, वजन बघत, समोरच्या भिंतीवर उजेड टाकून 'वा' म्हणत. मग किंमत विचारत. माझ्या किमतीत प्लास्टिकच्या साध्या विजेऱ्या टोपलीभर आल्या असत्या. मला ठेवून देऊन लोक त्यातलीच एक घेऊन जात. असे होता होता माझी जागा मागे मागे सरकली. पुढे कुकरच्या शिट्ट्या आल्या, मिक्सरची झाकणे आली. माझ्या काचेवर धूळ बसली आणि आपण दुकानातच म्हातारे होणार, अशी माझी समजूत झाली.

अशा वेळी एका बाजाराच्या दिवशी सविता दुकानात आली.

"दादा, ती मागची काळी ब्याटरी जरा काढा."

"वैनी, ती नुसती बगायची हाय," बन्सीधर हसला. "मागच्या दिवाळीपासून लोक बगायलेत. किंमत ऐकली की हात आपोआप मागं जातो."

"किंमत मला ठाव हाय. तरी काढा."

"मोबाईल हाय ना घरी? त्यात फुकटचा उजेड येतो."

"त्या फुकटच्या उजेडानंच घात केला. तेवढी ट्यूब बंद करा."

बन्सीधरने नवल करत ट्यूब बंद केली. सविताने आपला डावा हात पुढे धरला. सकाळी तिने लोणच्याच्या फोडींना हळद लावली होती. नखांच्या कडा अजून पिवळ्या होत्या. तिने आधी प्लास्टिकची एक विजेरी पेटवली. निळसर पांढऱ्या उजेडात ती नखे पिठात बुडवल्यासारखी दिसली. दुसरी पेटवली, तेच. मग मला पेटवले. हळद हळदीसारखी दिसली.

त्या क्षणी मला पंकजाबाईंच्या चिंध्यांचा अर्थ कळला, आणि माझ्या अंगातून जणू वीज दुपटीने धावली.

"हळद बगायला एवढी महाग ब्याटरी?" बन्सीधर म्हणाला.

"हळद न्हाई, अळ्या बगायच्यात." सविताने मला खाली ठेवले नाही. "मागच्या खेपेला अळ्या खायच्या थांबल्या, डोकं वर करून फिरायल्या. मोबाईलच्या उजेडात सगळ्या सारख्याच पांढऱ्याफटक. मला वाटलं पिकल्या, आता कोष करतील. म्हनून वरून चंद्रिका टाकल्या. त्या पिकलेल्या नव्हत्याच दादा, रोगानं फुगल्या हुत्या."

चंद्रिका म्हणजे पिकलेल्या अळ्यांनी कोष विणावा म्हणून ठेवायची जाळी. त्या जाळीवर रोगट अळ्या चढल्या आणि फुटल्या, त्यांचे दुधासारखे पाणी खालच्या निरोगी अळ्यांवर ठिबकले. निम्मी खेप खड्ड्यात पुरून वर चुना टाकावा लागला होता.

बन्सीधरने ट्यूब परत लावली. "असं करा, न्या," तो म्हणाला. "पैसे ठेवून जा आन् पुढच्या बाजारापर्यंत वापरा. न्हाई पटली तर आना माघारी."

"ते बरं. घरात आत्याला विचारावं लागंल."

अशी मला एका आठवड्याची मुदत मिळाली.

आत्या म्हणजे सविताची सासू कस्तुराबाई. घरातला पैसा तिच्या कनवटीला असे. तिने मला दोन्ही हातांत उलटसुलट केले आणि मान हलवली.

"ही काय सोन्याची हाय का?"

"माय, लय भारी हाय गं," सविताचा नवरा बजरंग म्हणाला.

"तू गप. तुला ट्रॅक्टरचा हारन बी भारीच वाटतो." कस्तुराबाई सुनेकडे वळली. "आमी कंदिलावर लेकरं वाढवली, म्हशी याल्या तव्हा बी कंदीलच हुता. अळ्या रोगानं मेल्या सविते, ब्याटरीनं न्हाई."

"कंदिलात हळद पिवळी दिसती, आत्या. मोबाईलात दिसत न्हाई."

"मग कंदील ने शेडमधी."

"घासलेटचा वास अळ्यांना चालत न्हाई."

"त्यांना चालतं काय तेवढं सांग. घासलेट चालत न्हाई, माझी मिसरी चालत न्हाई. जावयापरीस नाजूक हायत तुझ्या अळ्या."

मिसरीचा तो टोमणा जुना होता. कस्तुराबाई रोज सकाळी भाजलेल्या तंबाखूची मिसरी दाताला लावायची, आणि तंबाखूचा अंश पानाला लागला तरी अळ्या मान टाकतात. त्यामुळे शेड उभी राहिल्यापासून सविताने सासूला आत येऊ दिले नव्हते. कस्तुराबाई दाराबाहेर दगडावर बसायची, मिसरी घासायची आणि आत काय चालले आहे ते खिडकीच्या जाळीतून पाहायची. सुनेने सासूला उंबऱ्याबाहेर बसवले, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

पहिल्या संध्याकाळी बजरंगने मला हातात घेतले तेव्हा माझ्या उत्साहाला सीमा राहिली नाही. त्याने माझा सर्वांत मोठा उजेड लावला. शेताच्या पल्याडची बाभूळ उजळली, गावच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरे वाचता आली, दूरवरची कुत्री भुंकायला लागली. शेजारचा पंडित धावत आला.

"बजरंगा, जरा चंद्रावर टाक बरं."

"चंद्र उगवू तर दे आधी."

"मग माझ्या म्हशीवर टाक. गोठ्यात हाय का दुसऱ्याच्या कडब्यात, ते तर कळंल."

म्हैस खरोखरच दुसऱ्याच्या कडब्यात होती. सगळे हसले. मी तर कौतुकाने फुलून गेले. त्याच भरात बजरंग मला घेऊन शेडमध्ये शिरला आणि तोच झोत अळ्यांवर सोडला. हजारो डोकी एकदम वळली. अळ्या खाणे सोडून अंधाऱ्या बाजूला सरकू लागल्या, एकमेकींच्या अंगावर चढू लागल्या.

"बंद करा ती आधी," सविता म्हणाली. "ही शेड हाय, तमाशाचा तंबू न्हाई."

तिने मला त्याच्या हातातून घेतले, बटण पुन्हा पुन्हा दाबले आणि माझा सर्वांत लहान उजेड लावला. मी जराशी हिरमुसले. एवढे सामर्थ्य अंगात असताना समईइतके मिणमिणायचे? पण सविता वाकली, मला एका अळीजवळ नेले आणि मी पाहतच राहिले. अळीच्या पाठीवरची नाजूक नक्षी, तुतीच्या पानाची शीर न् शीर, पानावर सांडलेला चुन्याचा कण, सारे आपापल्या रंगात दिसत होते. अळ्याही निवांत खात होत्या. तेव्हापासून त्या लहान उजेडाचीच मला गोडी लागली.

बाजार जवळ येत चालला. मला ठेवायचे की परत करायचे, याचा निकाल कस्तुराबाईने दिला नव्हता. रोज सकाळी मात्र दगडावर बसून ती मला जाळीतून बघे.

एका सकाळी वीज आली नाही. बजरंग तुतीच्या फांद्या तोडायला शेतात गेला होता. अळ्या आता पूर्ण वाढल्या होत्या. एक-दोन दिवसांत कोष विणायला लागतील, असे सविताने आदल्या रात्री जेवताना सांगितले होते. ती नेहमीप्रमाणे खालच्या कप्प्याशी वाकली आणि तशीच थबकली. कडेला काही अळ्या खायच्या थांबल्या होत्या. डोकी वर करून त्या फिरत होत्या.

मित्रांनो, मागच्या खेपेला नेमके हेच झाले होते. सविताचा श्वास मला ऐकू येत होता. तिने मला अगदी जवळ धरले, आणि मी माझ्याकडे होता-नव्हता तेवढा खरेपणा त्या लहान उजेडात ओतला. त्यातल्या काही अळ्या मधासारख्या दिसत होत्या, उजेड त्यांच्यातून आरपार जात होता. त्या पिकलेल्या. पण काही पिवळ्या असूनही दाट होत्या. उजेड त्यांच्यात शिरत नव्हता, अंगाच्या वळ्या सुजल्या होत्या, कातडी ताणून चकाकत होती.

"ही न्हाई," सविता पुटपुटली. "ही बी न्हाई. ही पिकली. ही न्हाई."

तिने चिमटा हातात घेतला. पण फांदी उचलायला एक हात हवा होता, चिमट्याला दुसरा, आणि मला धरायला तिसरा कुठून आणायचा? तिने मला दातांत धरले. माझा उजेड डगमगू लागला. एक रोगट अळी चिमट्यातून निसटली, आता फुटणार असे वाटले, पण सविताने ती कशीबशी अलगद उचलून चुन्याच्या डब्यात टाकली.

जाळीबाहेरून कस्तुराबाईचा आवाज आला. "उजेड कामून हलायलाय गं?"

सविताने मला तोंडातून काढले. "आत्या, रोग दिसायलाय. हात पुरंनात मला."

बाहेर कस्तुराबाई दगडावरून उठल्याची चाहूल आली. मग थुंकल्याचा आवाज आला, चुळा भरल्याचा आला. कस्तुराबाईने चुलीतली राख आणून दात घासले, हात घासले. मग साबण लावला, मग औषधाच्या बादलीत कोपरापर्यंत हात बुडवले. दाराशी उभी राहून तिने दोन्ही पंजे सुनेच्या नाकासमोर धरले.

"हुंग."

सविताने खरोखर हुंगले. "या," ती म्हणाली.

कस्तुराबाई पहिल्यांदा शेडमध्ये आली. तिने मला हातात घेतले तेव्हा मला धास्ती होती, म्हातारीचा हात कापेल. तो कापला नाही. कंदील धरून म्हशींची बाळंतपणे केलेला हात होता तो. मी खांबाला बांधल्यासारखी स्थिर झाले. सविता फांदी उचलायची, निवडायची, डब्यात टाकायची.

"ही पिकली का?" कस्तुराबाईने विचारले.

"न्हाई, ही रोगाची. ही बगा पिकलेली."

"येगळी दिसायली की."

"तेच म्हनते मी."

दोघी कप्प्यावर थोड्या पुढे सरकल्या. कस्तुराबाई अजून खाली वाकली. तिच्या डोळ्यांचे ऑपरेशन झालेले होते. तरीही, किंवा म्हणूनच, ती भारी बारकाईने पाहत होती.

"सविते, हितं एक हाय. पानाच्या मागं."

"व्हय. बराबर."

"आन् ही?"

"ती चांगली हाय आत्या, झोपू द्या तिला."

कस्तुराबाई खुदकन हसली. कप्पा संपत आला तेव्हा सासूने हलक्या आवाजात विचारले, "मागच्या खेपेला ह्या दिसल्याच न्हाईत का तुला?"

"न्हाई."

"मी लय बोलले तव्हा तुला. सगळ्यांदेखत."

सविताने हातातली फांदी जागेवर ठेवली. तिने पुढची फांदी उचलली आणि कस्तुराबाईने माझा उजेड तिच्या हाताबरोबर पुढे नेला.

त्या कप्प्यावर चुना पडला, रोगट अळ्या दूर खड्ड्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी दोन-चार सापडल्या, तिसऱ्या दिवशी एकही नाही. मग सगळीकडेच अळ्या मधासारख्या होऊ लागल्या. सविताने चंद्रिका मांडल्या आणि बघता बघता जाळीच्या घराघरांतून पांढरे धागे फिरू लागले. ती खेप मी वाचवली, असे मी म्हणणार नाही. रोग ओळखला तो सविताच्या नजरेने, निवडला तिच्या हातांनी. मी फक्त जसे होते तसे दाखवले. पण तेवढ्याच एका गोष्टीसाठी मला घडवले होते, आणि ती माझ्याकडून झाली, या आनंदाने मी न पेटवताही पेटल्यासारखी होते.

मग बाजाराचा दिवस उजाडला.

"माय, ब्याटरीचं काय ठरलं?" बजरंगने विचारले.

"बाजाराचं बाजारात," कस्तुराबाई म्हणाली आणि लुगड्याचा पदर खोचून पिशवी शोधायला लागली.

सविता मला घेऊन ओसरीवर बसली. तिने माझी काच पुसली, आट्यांतली धूळ काढली, मला पांढऱ्या फडक्यात गुंडाळले आणि सासूच्या पिशवीत ठेवले. तिचा हात माझ्यावर एक क्षण जास्त राहिला, एवढेच.

एसटीत मी कस्तुराबाईच्या मांडीवर होते. बाहेरचे काही दिसत नव्हते. नुसते धक्के, कंडक्टरची घंटी आणि बायकांच्या गप्पा. त्या वाटेत मी खूप विचार केला. मित्रांनो, तुमच्यावर कधी अशी पाळी आली, महाग वस्तू घ्यावी की नको, तर आधी तिला कोणते काम सांगायचे आहे ते मनाशी ठरवा. दूरच्या टाकीवर झोत टाकून टाळ्या मिळवायच्या असतील तर माझ्यासारखीवर खर्च करू नका. तेवढ्यापुरती स्वस्तातली पुरते. पण ज्या कामात चुकीचे दिसले तर कोणाचे तरी कष्ट मातीत जाणार आहेत, तिथे खरे दाखवणारी वस्तू घ्या. आणि घेतलीत तर सांभाळा. काच पुसा, ओली झाली तर कोरडी करा, भुकेली ठेवू नका. आम्हाला बोलता येत नाही, पण आमच्यावर कोणी भरवसा ठेवला की आम्हाला कळते.

पालमला उतरल्यावर कस्तुराबाई थेट बाजारात शिरली. बन्सीधरने दुकानातून हाक मारली.

"काकू, आनली का ब्याटरी माघारी?"

"थांब जरा. मिरच्या घ्यायच्यात."

ती पुढे गेली. मिरच्यांच्या ढिगाशी बराच वेळ घासाघीस झाली. मिरच्या पिशवीत माझ्या शेजारी आल्या, मीठ आले, आणि माझा धीर सुटत चालला. आता मागे वळायचे आणि पुन्हा ते काचेचे कपाट. पण कस्तुराबाई मागे वळली नाही. ती भांड्यांच्या ओळीकडे गेली. तिथे परमेश्वर नावाचा माणूस लहानसे यंत्र घेऊन बसतो आणि लोकांच्या ताटांवर, कळशांवर नावे कोरून देतो. यंत्राची घरघर मला पिशवीतूनही ऐकू येत होती. कस्तुराबाईने फडके सोडले आणि मला त्याच्यापुढे धरले.

"हिच्यावर नाव टाक."

परमेश्वरने मला निरखले. "मावशी, हे भांडं न्हाई, ब्याटरी हाय."

"मला दिसतंय. डोळे नवे केलेत मी."

"ब्याटरीवर कोन नाव टाकतं? परत बिरत करायची झाली तर कोनी घ्यायचं न्हाई."

"म्हनूनच टाक."

"बरं, कुनाचं? मालकाचं टाकू? बजरंग..."

"सविता."

"सौभाग्यवती सविता बजरंग असं?"

"निस्तं सविता. घरात एकच हाय."

सुई माझ्या अंगाला टेकली. कारखान्यातल्या पात्यानंतर माझ्या धातूला पहिल्यांदाच असा स्पर्श होत होता. मी अंगभर थरारले. एक एक अक्षर उमटत गेले. परमेश्वरने फुंकर घालून कीस उडवला. कस्तुराबाईने अक्षरांवरून बोट फिरवले, त्याला पैसे दिले आणि मला फडक्यात गुंडाळून मिरच्यांशेजारी ठेवले. परतताना बन्सीधरच्या दुकानाकडे तिने मानही वळवली नाही.

घरी आल्यावर तिने पिशवी सविताच्या हातात दिली. "मिरच्या काढून घे," म्हणाली आणि ओसरीवर सूप घेऊन बसली.

सविताने मिरच्या काढल्या, मीठ काढले, आणि तळाशी तिला फडके लागले. ते तिने हळूच उलगडले. तिचा अंगठा माझ्या अंगावरून सरकला आणि अक्षरांपाशी थांबला. तिने ओसरीकडे पाहिले. कस्तुराबाई मान खाली घालून एकेका मिरचीचे देठ मोडत होती.

"औंदाची मिरची लय तिखट हाय," ती वर न बघता म्हणाली.

"व्हय, आत्या," सविता म्हणाली. तिने मला कमरेला खोचले आणि कोष कसे बसले आहेत ते पाहायला शेडकडे निघाली.